पिल्लं दिसणार नाहीत म्हणून बुकिंग कॅन्सल करू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी-मार्च आला की तुमच्या पेपरात रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावच्या कासवांचा फोटो येतो आणि तो बघून आम्हा मुंबईकरांचे ग्रुपवर मेसेज सुरू होतात, या शनिवारी जाऊया का म्हणून. फोटो छापता ते छानच आहे. पण ज्या घरांनी ही कासवं राखली त्या घरांचं आपण काय करतो ते यंदा मी जवळून बघितलं आणि अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून हे पत्र.

मी मुलुंडला राहते. मार्चमध्ये सोसायटीतले आम्ही चौदा जण जाणार होतो. आदल्या रात्री कुणीतरी ग्रुपवर टाकलं की सध्या पिल्लं निघत नाहीयेत, दोन दिवसांत एकही नाही, झालं, सकाळपर्यंत आठ जणांनी नावं काढून घेतली. आम्ही उरलेले सहा जण बागमांडल्याहून फेरीबोटीने वेसवीला उतरलो आणि बाणकोटवरून वेळासला पोचलो. ज्या काकूंकडे उतरायचं होतं त्यांनी पडवीत चौदा गाद्या घातल्या होत्या. भाजी मंडणगडहून आणलेली. आणि डाळिंब्यांच्या उसळीसाठी वाल भिजवून, मोड आणून, सोलून ठेवलेले, चौदा माणसांचे वाल! ज्यांनी कधी वाल सोललेत त्यांना कळेल किती वेळ जातो ते. आठ जण येत नाहीयेत हे सांगताना मला शब्द फुटेना. त्या म्हणाल्या, "असूदे हो, शेजारी देईन." ऍडव्हान्स घेतलाच नव्हता, ओळखीतून आलेल्यांकडे पैसे कसे मागायचे म्हणून. मी आठ जणांचे पैसे द्यायला लागले तर घेईनात, शेवटी खूप आग्रह केल्यावर फक्त जेवणाचे घेतले.

आता हे गाव काय करतं ते सांगते, कारण आमच्या ग्रुपवर निम्म्या लोकांना वाटत होतं की वनखात्याने काहीतरी पार्क बनवलंय आणि आपण तिकीट काढून बघायला जातोय. तसं नाहीये. ऑलिव्ह रिडले कासविणी थंडीत रात्रीच्या किनाऱ्यावर येतात, वाळूत खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालतात आणि परत समुद्रात जातात, मागे वळून बघत नाहीत. पूर्वी ही अंडी कोल्हे-कुत्री उकरायची आणि माणसंही काढायची, खायला आणि विकायला. २००२ च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ही घरटी राखायला सुरुवात केली आणि २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. म्हणजे ज्या गावात अंडी विकली जायची त्याच गावातली माणसं आज पहाटे उठून किनाऱ्यावर कासविणीची पावलं शोधत फिरतात, अंडी अलगद काढून जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरतात, तारीख लिहितात आणि पुढे पन्नासेक दिवस राखण करतात. हे सगळं टिकलं कारण पाहुणे गावातल्याच घरात राहतात, तिथेच जेवतात आणि पैसे त्या घरात जातात. इथे अख्ख्या गावाला अंड्यांपेक्षा पिल्लू जास्त मोलाचं झालं, आणि मला वाटतं कुठल्याही दंडापेक्षा याचाच उपयोग जास्त झालाय.

आणि पिल्लं कधी निघतील हे कुणीच सांगू शकत नाही हो. अंड्यातून बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात, वाळू तापली तर लवकर, थंडी लांबली तर उशिरा. रोज सकाळी आणि संध्याकाळी घरट्यावरची टोपली उचलून बघतात, असली तर असली. आम्ही गेलो त्या संध्याकाळी टोपल्या उचलल्या, खाली नुसती वाळू. दोरीच्या अलीकडे उभी असलेली एक मुलगी रडायलाच लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी एका टोपलीखाली सात निघाली, काळी, तळहातापेक्षाही लहान, आणि समुद्राच्या दिशेने वल्ही मारल्यासारखे पाय मारत निघाली. एकाला लाटेने तीनदा मागे टाकलं, चौथ्यांदा गेलं. माझ्या शेजारच्या आजोबांनी हात जोडले. तेव्हा मला न आलेले आठ जण आठवले. नुसता राग नाही आला, वाईटही वाटलं.

संध्याकाळी काकूंशी गप्पा मारताना २०२० चा विषय निघाला होता. मार्चमध्ये ऐन सीझनमध्ये लॉकडाऊन लागला आणि सगळी बुकिंगं गेली. पाहुणे थांबले पण अंडी वाळूत होतीच, ती राखायला माणूस लागतोच. आणि ३ जूनला निसर्ग वादळ आलं, मंडणगड-दापोलीकडच्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारी लावली की फळ धरायला पाच-सात वर्षं जातात, म्हणजे पाहुणेही गेले आणि वाडीही गेली, एकाच उन्हाळ्यात. २०२२ मध्ये याच किनाऱ्यावर एका कासविणीच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग बसवला, प्रथमा नाव ठेवलं, ती समुद्रात कुठे फिरतेय ते आपण इथे बसून कौतुकाने वाचत होतो. ज्यांच्या पडवीत आपण झोपतो त्यांची वाडी पुन्हा उभी राहिली का, हे मी तरी कधी विचारलं नव्हतं.

वेळासच कशाला, भिगवणला बघा, उजनीच्या पाण्यात मासे धरणारे होडीवाले आज फ्लेमिंगो दाखवतात, कुठला पक्षी कुठे बसतो ते त्यांना पाठ आहे. वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत कांदळवन दाखवतात. या लोकांना मदत म्हणून कुणी काही द्यावं असं मी म्हणत नाहीये. आपण ठरवून गेलो की जायचं, एवढंच. ऍडव्हान्स पूर्ण द्यावा आणि पिल्लू दिसलं नाही तर तो परत मागू नये. दापोलीच्या रिसॉर्टवर राहून सकाळी तासभर वेळासला येऊन फोटो काढून जाणारे खूप वाढलेत, त्यांनी निदान एक जेवण तरी गावात करावं. आणि पिल्लाला हातात घेऊन सेल्फी काढायला दे म्हणून राखणाऱ्याशी वाद घालू नये, तो बिचारा दहा माणसांना एकटा आवरत असतो. सरकारकडे एकच मागणं आहे, किनारा राखणाऱ्याला बारा महिन्यांचं ठरलेलं मानधन मिळावं, आणि वादळ किंवा साथ आली तर नुकसानभरपाई देताना घरात पाहुणे उतरवणाऱ्यांचं बुडालेलं उत्पन्नही धरावं, नुसती झाडं मोजू नयेत.

पुढच्या मार्चच्या दुसऱ्या शनिवारचे चौदा जणांचे पैसे मी आत्ताच गोळा करून काकूंना पाठवलेत, त्यात त्या आठांपैकी पाच जण आहेत. तुमच्याकडे एक विनंती. पुढच्या फेब्रुवारीत कासवाचा फोटो छापाल तेव्हा खाली एवढं जरूर छापा की पिल्लं निघण्याची तारीख ठरलेली नसते, पण जेवण आणि गाद्या तुमच्या भरवशावर तयार केलेल्या असतात.

आपली एक जुनी वाचक,
मुलुंड (पूर्व), मुंबई