फुप्फुसाच्या कॅन्सरनंतरची नवी लक्षणे : घरी जाताना हातात मराठी कागद हवा

महोदय,

नोव्हेंबर हा फुप्फुसाच्या कॅन्सरविषयी जनजागृतीचा महिना. तंबाखू, विडी-सिगारेट, चुलीचा धूर, आजाराची पहिली लक्षणे यांवर या काळात वृत्तपत्रांतून बरेच लिहून येते, आणि ते यायलाच हवे. पण ज्यांचे ऑपरेशन, केमो, रेडिएशन पार पडले, जे लातूरला, कणकवलीला, गोंदियाला आपापल्या घरी परतले, त्यांना दोन महिन्यांनी कोरडा खोकला सुरू झाला तर काय करायचे? त्यांच्या हातात असते इंग्रजीतली डिस्चार्ज समरी आणि तीन महिन्यांनंतरची तारीख. मग काही जण ‘तारखेला दाखवूच’ म्हणत दुखणे अंगावर काढतात, तर काही जण त्याच रात्री ‘परत आला’ असे धरून उरलेसुरले पैसे पेट स्कॅनवर, म्हणजे कॅन्सरची जागा चमकवून दाखवणाऱ्या तपासणीवर, घालतात. नवे लक्षण दिसले की आधी ठरवावे लागते ते याला किती वेळ थांबता येईल हे. कॅन्सर परतला की नाही, याचे उत्तर त्यानंतर तपासण्यांतून मिळते.

अजिबात थांबू नये अशी पाठदुखी कोणती, ते आधी सांगतो. पाठीत उसण भरणे कुणालाच नवे नसल्यामुळे हे लक्षण हमखास हुकते. उसण वाकल्याने, वजन उचलल्याने भरते, आडवे झाल्यावर सैल पडते आणि आठवडा-पंधरवड्यात ओसरते. मणक्यात आजार गेला असेल तर आडवे झाल्यावर दुखणे वाढते, रात्री झोपेतून उठवते, खोकताना-शिंकताना कळ जाते. पुष्कळदा ते कमरेत नसतेच. दोन खांद्यांच्या मधोमध असते किंवा छातीभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटते. त्यापुढची पायरी पायांची. जिना चढताना गुडघा मुडपतो, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, लघवी तुंबते. पाय जड वाटू लागले की २४ तासांच्या आत एमआरआय व्हायला हवा, आणि तो नुसत्या कमरेचा नको, मानेपासून माकडहाडापर्यंत पूर्ण मणक्याचा हवा. उपचार सुरू होताना जो माणूस चालत असतो, तो बहुतेक वेळा पुढेही चालता राहतो. पायांतले बळ पूर्ण गेल्यावर ते परत आणणे फार अवघड असते. अशा पाठीला मालीश, हाडवैद्याकडून मणका ‘बसवून’ घेणे, ट्रॅक्शन यांतले काहीही करू नये. आतून पोखरलेले हाड त्याने मोडू शकते.

त्याच दिवशी दवाखाना गाठावा अशी आणखी लक्षणे आहेत. पहाटे डोके दुखून उलटी होणे, चालताना झोक जाणे, तोंड वाकडे होणे, शब्द न सापडणे, आयुष्यात पहिल्यांदा आलेली फिट. चेहरा व मान सुजणे आणि वाकल्यावर डोके गच्च होणे. अचानक लागलेली धाप, विशेषतः एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर; पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते. खूप तहान, शौचाला न होणे आणि असंबद्ध बोलणे ही तिन्ही एकत्र आली तर रक्तातले कॅल्शियम वाढल्याची शंका घ्यावी. वयस्कर माणसाच्या बाबतीत घरचे हे ‘वयोमानाने’ म्हणून सोडून देतात, पण साध्या रक्ततपासणीत ते कळते आणि सलाइन व इंजेक्शनने उतरवता येते.

थुंकीत रक्ताचा नुसता दोरा दिसला तर त्याच दिवशी फोन करावा. चमचाभर किंवा त्याहून जास्त ताजे रक्त पडले, किंवा थांबतच नसेल, तर १०८ ला फोन करावा आणि तोवर ज्या बाजूच्या फुप्फुसात आजार होता त्या कुशीवर निजवावे, म्हणजे रक्त चांगल्या फुप्फुसात उतरत नाही. घरचे घाबरून नेमके उताणे झोपवतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पुढचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

तापाबाबत एक गैरसमज पक्का बसला आहे. शेवटची केमो झाली म्हणजे धोका संपला, असे लोक धरून चालतात. पण पांढऱ्या पेशी डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास तळाला जातात, म्हणजे पेशंट घरी पोचल्यावर. या काळात काखेला हात लावून ‘कणकण आहे’ म्हणण्यात अर्थ नाही. डिजिटल थर्मामीटर लावावा आणि १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप दिसला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टी गाठावी. तिथे पोचल्याबरोबर ‘केमो अमुक तारखेला झाली’ हे वाक्य पहिले बोलावे. शिरेतून द्यायचे अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हावे लागते.

आता त्या दोन महिन्यांनंतरच्या कोरड्या खोकल्याबद्दल. छातीला रेडिएशनचा शेक दिल्यानंतर एक ते सहा महिन्यांच्या दरम्यान काही पेशंटच्या फुप्फुसाला सूज येते. तिला रेडिएशन न्यूमोनायटिस म्हणतात. कोरडा खोकला, बारीक ताप, चालताना लागणारा दम ही तिची लक्षणे. हा जंतुसंसर्ग नसल्याने अँटिबायोटिकचे एकामागून एक कोर्स दिले तरी फरक पडत नाही. गावातल्या दवाखान्यात दम्याचे समजून स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले की एक-दोन दिवस हायसे वाटते आणि मग पुन्हा तेच सुरू होते. यावर औषध स्टेरॉइडच आहे, पण ते वजनानुसार ठरवलेल्या डोसने, कित्येक आठवडे आणि हळूहळू कमी करत घ्यावे लागते. बरे वाटले म्हणून मधेच गोळ्या सोडल्या तर सूज उलटते, शिवाय इतके दिवस स्टेरॉइड घेतलेले शरीर एकदम बंद करणे सोसत नाही. मधुमेह असेल तर या काळात साखर घरी रोज पाहावी, कारण ती चढणारच.

महाराष्ट्रात याच जागी आणखी एक घोटाळा होतो. एक्स-रेत वरच्या भागात डाग, सोबत खोकला, बारीक ताप, घटलेले वजन, एवढ्यावर टीबी ठरतो आणि एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्यांचा कोर्स, सुरू होते. शेक दिलेली जागा एक्स-रेत जुन्या टीबीसारखी दिसू शकते. उलट बाजूही तितकीच खरी आहे: केमो आणि स्टेरॉइडमुळे प्रतिकारशक्ती घटलेल्या माणसाला टीबी होऊही शकतो. म्हणून अंदाजाने काही सुरू करू नये. बेडक्यात टीबीचे जंतू शोधणारी सीबीनॅट तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. बेडका पडत नसेल तर मिठाच्या पाण्याची वाफ देऊन तो काढता येतो, नाहीतर दुर्बिणीतून नमुना घेता येतो. हा आग्रह धरण्याला ठोस कारण आहे. एकेटीतले रिफाम्पिसिन हे औषध यकृताला इतके कामाला लावते की जेफिटिनिब, एर्लोटिनिब, ओसिमर्टिनिब यांसारख्या कॅन्सरच्या गोळ्यांचे रक्तातले प्रमाण खूप खाली येते. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा असरही कमी होतो. म्हणजे नसलेल्या टीबीचे औषध असलेल्या कॅन्सरचे औषध निकामी करते. टीबी खरोखर निघाला तर छातीच्या आणि कॅन्सरच्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून गोळ्या ठरवाव्यात.

सूज, टीबी आणि परतलेला कॅन्सर, तिन्ही पेट स्कॅनमध्ये चमकू शकतात. त्यामुळे नुसत्या चमकण्यावरून निष्कर्ष काढू नये, गरज पडल्यास तुकडा तपासावा. निदानाला खरी मदत होते ती जुन्या सीटी स्कॅनच्या सीडीची. छापील फिल्मवर सगळे काप नसतात, सीडीवर असतात, आणि रेडिओलॉजिस्टला जुने-नवे शेजारी ठेवून पाहता येते. सोबत रेडिएशनचा गोषवारा हवा: कोणत्या भागाला, किती ग्रे (रेडिएशनच्या डोसचे माप), किती दिवसांत आणि कोणत्या तारखेपर्यंत. शेकाचा डाग बऱ्याचदा फुप्फुसाच्या नैसर्गिक कप्प्यांच्या सीमा न पाळता शेकाच्या पट्ट्याबरोबर जातो, त्याची कड पट्टीने आखल्यासारखी दिसते. पण शेक कुठे दिला हेच कळले नाही तर ती कड ओळखायची कशी? सीटीसाठी शिरेतून कॉन्ट्रास्ट (रंगद्रव्य) देण्याआधी क्रिएटिनिन ही किडनीची रक्ततपासणी लागते. सिस्प्लॅटिन हे किडनीवर ताण आणणारे केमोचे औषध घेतलेल्यांनी ती आधीच करून न्यावी, एक खेप वाचते.

इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारे औषध, घेतलेल्यांनी लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे तिचे दुष्परिणाम शेवटच्या डोसनंतर काही महिन्यांनीही उपटतात. नेहमीपेक्षा दिवसाला चारहून अधिक वेळा जुलाब, नवा दम, सतत गळून जाणे, यांपैकी काहीही असले तरी कळवावे. जुलाब बंद करणारी गोळी घेऊन गप्प बसू नये, आतड्याला आतून सूज आलेली असू शकते. गळून जाण्यामागे थायरॉइड किंवा कॉर्टिसोल हे हार्मोन कमी झालेले असू शकते. दोन्ही रक्तात कळतात.

सगळेच नवे दुखणे भयंकर नसते, हेही सांगायला हवे. ऑपरेशनच्या व्रणाखाली बरगडीच्या रेषेत होणारी जळजळ, स्तनाखाली बधिरपणा, सदऱ्याचा स्पर्शही नकोसा होणे हे बरगड्यांमधली नस दुखावल्यामुळे होते आणि कित्येक महिने राहू शकते. त्यावर नसांच्या दुखण्याची वेगळी औषधे असतात, नेहमीची पेनकिलर फारशी उपयोगी पडत नाही. व्रणाशेजारी नवी गाठ लागली किंवा कमी झालेले दुखणे पुन्हा चढू लागले तर मात्र दाखवावे. सिस्प्लॅटिनमुळे तळपायाला येणाऱ्या मुंग्या केमो संपल्यावर काही महिने वाढतही जातात. याचा अर्थ आजार वाढला असा नव्हे, पण अनवाणी चालू नये आणि गरम पाण्याचा अंदाज पायाने घेऊ नये.

कोविडच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर इथे उपयोगी पडतो, पण नीट वापरला तर. पाच मिनिटे शांत बसावे, बोट गार असेल तर चोळून गरम करावे, नखावर मेंदी किंवा नेलपॉलिश नको, आणि आकडा अर्धा मिनिट स्थिर राहिल्यावरच लिहावा. मग घरातल्या घरात सहा मिनिटे चालून पुन्हा पाहावा. हे तब्येत चांगली असताना करून ठेवायचे, कारण तुलना स्वतःच्या नेहमीच्या आकड्याशी करायची असते. नेहमीपेक्षा तीन-चारने घसरला तर त्याच दिवशी फोन करावा. वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर. वहीत लक्षण कधी सुरू झाले, कशाने वाढते, कशाने कमी होते एवढेच लिहावे. तातडीचे नसलेले पण दोन आठवड्यांत न ओसरलेले कोणतेही नवे लक्षण, मग तो बसलेला आवाज असो की पाणी पिताना लागणारा ठसका, तारखेची वाट न पाहता कळवावे.

घरच्यांना एक कळकळीची विनंती. पेशंटपासून ‘कॅन्सर’ हा शब्द लपवण्यामागे माया असते, हे आम्ही जाणतो. पण ज्याला आपल्या छातीत काय होते हेच ठाऊक नाही, तो पाठीचे दुखणे सांगणार कसा? आणि रात्री कॅज्युअल्टीत त्याच्यासमोर बोलायचे नाही म्हणून डॉक्टरांनाही आजाराचे नाव सांगितले जात नाही, तेव्हा उपचार दम्याचे होतात.

स्कॅनच्या आधीच्या आठवड्यात झोप उडणे अगदी स्वाभाविक आहे. स्कॅनची आणि डॉक्टरांना भेटण्याची तारीख शक्यतो लागूनच घ्यावी, म्हणजे रिपोर्ट पाकिटात घेऊन चार दिवस तळमळावे लागत नाही. रिपोर्टमधला ‘ग्राउंड ग्लास’ म्हणजे धूसरपणा. तो संसर्गातही दिसतो. ‘फायब्रोसिस’ म्हणजे भरून आलेल्या जागेचा व्रण. काही मिलिमीटरचा ‘नोड्यूल’ निघाला तर डॉक्टर अनेकदा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा सीटी करायला सांगतात. तो हलगर्जीपणा नसतो. ८ मिलिमीटरहून लहान गाठीबद्दल पेट स्कॅन खात्रीचे सांगू शकत नाही आणि तिला सुई लावणेही कठीण असते, म्हणून ती वाढते का हे पाहणे हाच तपास असतो.

आमची मागणी खर्चाची नाही. कॅन्सरवर उपचार करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने, सरकारी असो वा खासगी, उपचार संपताना पेशंटला एक पानाचा मराठी कागद द्यावा. एका बाजूला आजाराचा प्रकार व टप्पा, ऑपरेशनची बाजू, केमोची औषधे व शेवटची तारीख, रेडिएशनचा भाग व डोस, चालू गोळ्या. दुसऱ्या बाजूला आता जावे, आज फोन करावा, दोन आठवडे पाहावे अशा तीन रकान्यांत त्या पेशंटला लागू पडणारी लक्षणे, आणि रात्रीही उचलला जाईल असा फोन नंबर. त्याची एक प्रत फॅमिली डॉक्टरांसाठी असावी. कॅन्सरच्या पेशंटला मिळणारी रेल्वेची सवलत नियमित तपासणीच्या प्रवासालाही लागू आहे. तिचा दाखलाही त्याच टेबलावर भरून मिळावा. आरोग्य विभागाने या कागदाचा नमुना ठरवून दिला तर जिल्हा रुग्णालयांनाही तो लगेच वापरता येईल.

— छातीच्या कॅन्सर विभागात काम करणाऱ्या परिचारिका, मुंबई