पहारेकरीण आणि भुंगा

प्रिटोरिया,
१२ ऑक्टोबर

प्रिय दिग्या,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या सातेरी मधमाश्यांच्या दोन पेट्यांच्या चार झाल्या, हे वाचून फार बरं वाटलं. मला मात्र आज तुला एका भुंग्याबद्दल लिहायचंय.

शेजारच्या आजोबांच्या मधपेट्या उघडायला मी रविवारी जातो. परवा त्यांनी झाकण उचललं आणि मसुरीएवढे काळपट भुंगे उजेड चुकवत फटींत पळाले. नाव एथिना ट्युमिडा, सहाराच्या दक्षिणेकडची आफ्रिका हे मूळ घर. माशी अंगावर आली की हा डोकं-पाय कवचाखाली ओढून कासवासारखा बसतो, नांगीचं काही चालत नाही. मग माश्या त्याला कोपऱ्यात रेटतात, झाडांची राळ आणून भोवती भिंत घालतात आणि रात्रंदिवस पहारा देतात. आजोबांनी मला तो तुरुंग दाखवला. एका फटीशी दोन माश्या तोंड लावून उभ्या होत्या.

आणि आता ऐक. आतला भुंगा मान पुढे काढून पहारेकरणीच्या तोंडाला मिशांनी गोंजारतो, भुकेली माशी करते अगदी तसं. ती पोटातला मध त्याला भरवते! २००२ साली दक्षिण आफ्रिकेतल्याच ऱ्होड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी हे नोंदवलंय. जिला त्याला कोंडायचंय तीच त्याला जगवते. दिग्या, मी हे वाचलं आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो.

इथल्या मधमाश्यांच्या वसाहती तापट आणि ताकदवान, त्यामुळे बहुधा निभावतं. वसाहत दुबळी झाली की खरा घात भुंग्याच्या अळ्या करतात. पोळी पोखरतात, मध आंबून फसफसतो, सडक्या संत्र्यांसारखा वास सुटतो. मग त्या पेटीबाहेर पडून जमिनीत कोष करतात. १९९८ साली भुंगा फ्लोरिडात सापडला, २००२ मध्ये ऑस्ट्रेलियात. २०१४ मध्ये इटलीच्या कालाब्रियात दिसल्यावर तर लागण झालेल्या पेट्याच नष्ट केल्या.

हे सगळं तुला लिहितोय कारण २०२२ साली तो पश्चिम बंगालमध्येही सापडला. बाहेरून वसाहती विकत घेऊ नकोस. मध काढलेली पोळी उघडी ठेवू नकोस, आणि दुबळी पेटी दिसली तर ती सशक्त पेटीत मिसळून टाक. झाकण उचलल्यावर काळं काही पळताना दिसलं, तर त्याच दिवशी मला फोन कर.

काकूंना नमस्कार.

तुझा,
अवि