जयभयाची भाकिते कोणाची?

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत जावा बेटावरील राजा जयभय याच्याविषयी आलेला लेख आवडीने वाचला. आग्नेय आशियाच्या मध्ययुगाबद्दल मराठीत फार थोडे लिहिले जाते, त्यामुळे लेखकाचे आभार मानूनच पुढचे लिहीत आहे. बाराव्या शतकातील या हिंदू राजाने रेल्वे, विमान आणि जपानचे आक्रमण आठशे वर्षे आधी सांगून ठेवले होते, हा लेखातील मुख्य दावा मात्र छापण्यापूर्वी तपासून घ्यायला हवा होता.

जयभय (जावानी उच्चार जोयोबोयो) हा काल्पनिक राजा नव्हे. पूर्व जावातील केदिरी येथे, म्हणजे तेव्हाच्या पंजलू राज्यात, त्याची सत्ता होती. एर्लंग्गा या राजाने अकराव्या शतकाच्या मध्यास आपल्या राज्याची जंग्गल आणि पंजलू अशा दोन राज्यांत वाटणी केली आणि त्यानंतर भाऊबंदकीची युद्धे सुरू झाली. इसवी सन 1135 चा हंतांग शिलालेख जयभयाचाच आहे. या युद्धात राजाशी एकनिष्ठ राहिलेल्या गावाला दिलेल्या सवलती त्यात नोंदल्या असून ‘पंजलू जयती’ ही विजयघोषणा त्यावर मोठ्या अक्षरांत कोरलेली आहे. राजाची मुद्रा नरसिंहाची होती. त्याच्या काळातील कोरीव लेखांत जमिनी आहेत, गावे आहेत, हक्क आहेत, भविष्यकथन नाही.

त्याच्या दरबाराची खरी कमाई म्हणजे ‘भारतयुद्ध’ हे काव्य. म्पू सेदाह या कवीने ते रचायला घेतले आणि म्पू पनुलुह याने पूर्ण केले. काव्याचा काळ त्यात शब्दांनी दिलेला आहे: ‘संग-कुड-शुद्ध-चंद्रम’, म्हणजे नऊ, सात (सूर्याचे सात घोडे), शून्य, एक. आपल्या जुन्या पोथ्यांप्रमाणे हे आकडे उजवीकडून डावीकडे मांडले की शके 1079, म्हणजेच इसवी सन 1157 येते. ज्ञानेश्वरी शके 1212 ची आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. ज्या शकगणनेने आपण ते सांगतो तीच गणना त्याआधी 133 वर्षे जावातील कवी वापरत होते, ही गोष्ट लेखात आली असती तर वाचकांना कितीतरी अधिक आनंद झाला असता. या काव्यात शल्याच्या पत्नीचे नाव सत्यवती आहे (आपली सत्यवती शंतनूची, हा फरक लक्षात ठेवावा), आणि रणावर निघालेला शल्य तिचा निरोप घेतो तो प्रसंग जावात फार नावाजलेला आहे. सेदाहने ही सत्यवती राजघराण्यातील एका स्त्रीला डोळ्यांसमोर ठेवून रंगवली आणि त्यापायी त्याला जीव गमवावा लागला, अशी आख्यायिका आहे. कौरव-पांडवांच्या आडून पंजलू आणि जंग्गल यांच्याच युद्धाची कथा येथे सांगितली आहे, असेही अनेक अभ्यासक मानतात.

आता भाकितांकडे वळतो. ‘जंग्का जयबय’ या नावाने ओळखली जाणारी भाकिते बाराव्या शतकातील कोणत्याही ग्रंथात सापडत नाहीत. त्यांपैकी ‘मुसरार’ नावाची जी रचना सर्वांत जास्त सांगितली जाते, तिची सुरुवातच अशी होते की ‘रूम’ (म्हणजे तुर्कस्तानाकडच्या) देशाहून आलेला एक मौलाना जयभयाचा पाहुणा होतो आणि राजा त्याचे शिष्यत्व पत्करतो. जावात इस्लामी राजसत्ता स्थिरावल्या त्या जयभयानंतर तीनेकशे वर्षांनी. भाषाही भारतयुद्धाची जुनी जावानी नसून कित्येक शतकांनंतरची आहे, आणि छंद संस्कृत वृत्तांवर बेतलेल्या ‘ककविन’ काव्यांचे नसून उत्तरकालीन ‘मचपत’ आहेत. आपल्याकडे भविष्यपुराणात ‘विकटावती’ म्हणून व्हिक्टोरिया राणी अवतरते, तेव्हा तो भाग व्यासांनी लिहिला असे कोणी जाणकार म्हणत नाही. जावातही लोखंडाचा हार पडेल, गाडी घोड्यांवाचून धावेल, नाव आकाशात चालेल, या ओळी आज तोंडोतोंडी आहेत; पण तिथे पहिली आगगाडी 1867 मध्ये धावली आणि या ओळींत पिढ्यान्पिढ्या भर पडत आली, एवढे ध्यानात घेतले की चमत्कार बराच ओसरतो.

जपानविषयीचे भाकीत लेखकाने विस्ताराने दिले आहे: गोऱ्या रेड्यांचे (म्हणजे डचांचे) राज्य संपून पिवळे बुटके लोक येतील आणि ते मक्याच्या आयुष्याइतकेच टिकतील. जपानी फौजा 1 मार्च 1942 रोजी जावात उतरल्या आणि जपानने 15 ऑगस्ट 1945 रोजी शरणागती जाहीर केली, म्हणजे साडेतीन वर्षे होतात. मका मात्र साधारण तीन-साडेतीन महिन्यांत हाती येतो. तेव्हा भाविकांनी महिन्यांची वर्षे केली आणि भाकीत खरे ठरले. आपल्याकडचे वार्षिक राशिभविष्यही असेच खरे ठरते. इंडोनेशियाच्या राष्ट्राध्यक्षांच्या नावांची शेवटची अक्षरे क्रमाने सांगते असे मानल्या जाणाऱ्या ‘नो-तो-नो-गो-रो’ या सूत्राचेही तेच झाले. सुकार्नोचा ‘नो’ आणि सुहार्तोचा ‘तो’ जुळला. हबिबी, वाहिद आणि मेगावती यांची कारकीर्द पूर्ण पाच वर्षांची नव्हती म्हणून ते मोजायचे नाहीत असे ठरले. मग युधोयोनोचा ‘नो’ बसला. पुढच्या जोको विदोदो यांच्या नावात ‘गो’ कुठेच नव्हता.

तरीही ही भाकिते केवळ थट्टेवारी न्यावीत असे मला वाटत नाही, आणि लेखाबद्दल माझी खरी तक्रार इथेच आहे. कलियुगाच्या वर्णनासारखी दुर्दशेची लक्षणे आणि शेवटी येणारा ‘रतू अदिल’, म्हणजे न्यायी राजा, हा या साऱ्या रचनांचा गाभा आहे. डच सत्तेविरुद्ध 1825 ते 1830 या काळात लढलेल्या राजपुत्र दिपोनेगोरोने ‘हेरुचक्र’ हे त्याच न्यायी राजाचे बिरुद धारण केले होते. 1930 मध्ये बांडुंगच्या न्यायालयात बचावाचे भाषण करताना सुकार्नो यांनी, जयभयाच्या भाकितांवर लोकांची आशा अजून का तगून आहे, असा प्रश्न उभा केला आणि लोकांचे दुःख संपलेले नाही म्हणून, असे त्याचे उत्तर दिले. म्हणजे हे वाङ्मय बाराव्या शतकातील राजाच्या दिव्यदृष्टीचे नव्हे, तर परकीय अमलाखालच्या रयतेच्या मनःस्थितीचे साधन आहे. लेखकाने ते ‘हिंदू राजाचे अचूक भविष्य’ म्हणून सादर केल्यामुळे ती रयतही दिसत नाही आणि ज्या इस्लामी जावानी कवींनी हे रचले त्यांचे श्रेयही त्यांना मिळत नाही.

केदिरीजवळच्या मेनांग या गावात जयभयाने मोक्ष घेतल्याचे मानले जाते आणि जावानी नववर्षाला, सुरो महिन्याच्या पहिल्या दिवशी, तिथे मुसलमान गावकरी राजाच्या स्मरणार्थ विधी करतात. पुढील एखाद्या अंकात हे ठिकाण आणि भारतयुद्ध काव्य यांचा परिचय जाणकाराकडून लिहून घ्यावा, आणि मूळ लेखातील ‘आठशे वर्षांपूर्वीचे लिखित भाकीत’ या विधानाची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त इतिहासशिक्षक, सांगली