तुम्ही पाठ फिरवलीत म्हणून

दाज्यू, नमस्कार.

पत्र मराठीत लिहितेय, 'दाज्यू' एवढं मात्र तुमचं नेपाळी, म्हणजे थोरला भाऊ. नेपाळीची आणि आमची लिपी एकच, त्यामुळे अक्षरं तुम्हाला लागतील. अर्थ अर्धामुर्धा लागेल, राहिलेलं मी फोनवर हिंदीत सांगेन. माझं हिंदी ऐकून तुम्हाला हसू फुटतं हे मला ठाऊक आहे, तेवढं सोसा. तुमच्या अरुणाचलच्या जंगलात पक्ष्यांच्या पायात कडी घालायला तुम्ही मला कसं शिकवलंत ते चारचौघांत लिहितेय, आणि तेही मुद्दाम. इकडच्या काही मंडळींच्या नजरेला हे पडावं अशी फार इच्छा आहे. नावं घेणार नाही. ज्याचं त्याला कळेल.

आधी त्या मंडळींचंच उरकते, म्हणजे पुढे तुमच्याबद्दल मोकळेपणानं लिहिता येईल.

उभी हयात पोस्टाच्या काउंटरवर गेली. रिटायर झाल्यावर लोक काशीला जातात, मी पक्ष्यांच्या मागे लागले. लहानपणी कुठेतरी वाचलं होतं की पक्ष्यांच्या पायातल्या रिंगवर मुंबईच्या बीएनएचएसचा, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा, पत्ता असतो आणि सापडली तर तिकडे कळवायचं असतं. टपालात जन्म काढलेल्या बाईला याचं वेड न लागलं तरच नवल. पत्ता लिहिलेलं पाकीट स्वतःच उडत जातं म्हणजे काय! तर पक्ष्याच्या पायात ही रिंग घालायचं काम एकदा आपल्या हातानं करायचं, असं मनात घेतलं.

पण माझे हात थरथरतात. आजार नाही, डॉक्टरांनी तपासलंय. आमच्या घराण्यातच आहे, आईचेही थरथरायचे. एकटी असले की फारसं जाणवत नाही. कुणी टक लावून बघायला लागलं की वाढतं. काउंटरवर पलीकडून रांग बघत असायची, तेव्हा मी मनगट टेबलाला टेकवून शिक्के मारायचे आणि माझं काम कधी अडलं नाही. पण पक्ष्यांच्या एका शिबिरात, तेही भरपूर पैसे भरून गेलेल्या, संयोजकांनी पहिल्याच सकाळी माझ्या हातांकडे बघितलं आणि गोड आवाजात म्हणाले, "काकू, तुम्ही आपलं चहापाण्याचं बघा ना." मी बघितलं. शिबिर संपेपर्यंत बघितलं. निघताना प्रमाणपत्र मिळालं, त्यावर छापलं होतं "सक्रिय सहभाग". आणखी एका ठिकाणी फोनवर वय विचारलं आणि म्हणाले, कळवतो. अजून कळवतायत.

झालं त्यांचं.

तुमच्याकडे यायचं ठरलं तेव्हा घरात सगळ्यांनी वेड्यात काढलं. अरुणाचल, त्यात पश्चिम कामेंग, त्यात ईगलनेस्टचं जंगल. इनर लाइन परमिट (तिकडे शिरायचा सरकारी परवाना), तेजपूर, भालुकपाँग, टेंगा, मग लष्करानं कधीकाळी काढलेल्या त्या रस्त्यानं खिंड ओलांडून पलीकडे खाली, हे सगळं कसं पार पडलं ते लिहीत बसत नाही. हाडं अजून बोलतात.

इथल्या वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगते की ते ढगातलं जंगल आहे. सकाळी सूर्य दिसतो. अकरा-बाराला खालच्या दरीतून ढग चालत वर येतो आणि थेट झाडांत शिरतो. पाऊस नसतानाही पानांतून पाणी ठिबकत राहतं. फांद्या शेवाळानं इतक्या जाड झालेल्या की मूळची फांदी केवढी ते कळत नाही. खाली बांबूची गर्दी, आणि त्या गर्दीत इकडून तिकडे पळणारे चिमुकले पक्षी, ज्यांची धड नावंसुद्धा मराठीत नाहीत. टेसिया, युहिना, फुलवेटा. आवाज कानाशी येतो, पक्षी दिसत नाही. म्हणून तर जाळी लावून त्यांना धरायचं, रिंग घालायची आणि सोडायचं.

या जंगलाशी आमच्या पुण्याचं एक नातं आहे ते तुम्हाला माहीत आहे, इकडे फार कुणाला नाही. पुण्यात खगोलशास्त्राचं काम करणाऱ्या रमणा आत्रेयांना तिथे 1995 साली एक अनोळखी पक्षी दिसला. पुन्हा नीट हाती लागायला दहा वर्षं गेली. 2006 मध्ये त्याला नाव मिळालं ते तिथल्या बुगुन लोकांचं, बुगुन लिओसिकला. नवी जात जाहीर करायची तर पक्षी मारून नमुना पेटीत ठेवायचा, ही जुनी रीत. आत्रेयांनी जाळ्यात आलेला पक्षी सोडून दिला आणि पिसं, फोटो, आवाज यांवर काम भागवलं. एवढे थोडे पक्षी असताना एक मारायचा कशाला, हा साधा विचार. नंतर 2017 मध्ये सिंगचुंगच्या बुगुन लोकांनी आपल्या मालकीच्या जंगलातला सतरा चौरस किलोमीटरचा तुकडा त्या पक्ष्यासाठी राखून ठेवला. आमच्याकडे देवराईतला एक आंबा वाचवायला किती सभा लागतात ते आठवलं, आणि गप्प बसले.

आता तुमच्याकडे येते.

पहिल्या दिवशी तुम्ही माझे हात बघितलेत. मला कळलं बघितलेत ते. मी मनातल्या मनात चहाची पातेली मोजायला सुरुवात केली. तुम्ही काहीच बोलला नाहीत. संध्याकाळी शेकोटीपाशी एक बारीक बांबूची काडी, पक्कड आणि वापरून वाकडी झालेली चार-दोन कडी, म्हणजे त्याच रिंगा, माझ्यासमोर ठेवलीत आणि म्हणालात, "दीदी, इसको पहनाओ." वयानं मी तुमच्याहून थोरली, पण सगळा कॅम्प तुम्हाला दाज्यू म्हणतो म्हणून मीही म्हणायला लागले. रोज जेवणाआधी मी त्या काडीला कडी घालायची आणि तुम्ही काढायचीत. कोपर गुडघ्यावर टेकव, मनगट मनगटाला लाव, पकडीचं तोंड कड्याच्या फटीच्या बरोबर समोर हवं. फट बंद झाली पाहिजे, पण टोकावर टोक चढता कामा नये. कडं पायावर सैल फिरलं पाहिजे, पंजावरून निघता कामा नये. बोलणं एवढंच. थरथरीचा विषय नाही. "होईल हो काकू, प्रयत्न करा", असलं गुळमुळीत काही नाही.

जाळ्यातून पक्षी सोडवायलाही तुम्हीच शिकवलंत. तो कुठल्या बाजूनं शिरला ते आधी शोधायचं, मग पाय, मग पंख, डोकं शेवटी. मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये, अंग तळहातात. छातीवर दाब नाही, कारण तो छाती हलवूनच श्वास घेतो. ढग दाटून थेंब पडायला लागले की एक शब्द न बोलता तुम्ही जाळी गुंडाळायला धावायचात, मागून आम्ही. एकदा भिजलेली टेसिया माझ्या हातात होती, ती तुम्ही न विचारता काढून घेतलीत आणि जॅकेटच्या आत, पोटाशी धरलीत. मला वाईट वाटलं नाही. तिथे माझ्या मनाचा प्रश्नच नव्हता, तिच्या जिवाचा होता.

आणि मग ती सकाळ. ताडपत्रीखाली टेबल, वजनाचा काटा, वही. पिशवीतून निघाला तो चेस्टनट-क्राउन्ड वॉर्बलर. तपकिरी टोपी, पोट पिवळंजर्द, डोळ्याभोवती पांढरं वर्तुळ. वजन पाचाच्या नाण्याहूनही कमी. संशोधक पोरीनं तुमच्याकडे बघितलं, तुम्ही मान हलवलीत, आणि तिनं पक्कड माझ्यापुढे केली.

टेबलाभोवती सगळे उभे. सगळ्यांचे डोळे माझ्या बोटांवर. आणि बोटांनी आपलं सुरू केलं.

तुम्ही काय केलंत ते मला लिहून ठेवायचंच आहे, कारण तुम्हाला ते आठवतही नसेल. तुम्ही दोन्ही पोरांना म्हणालात, "जाली देख के आओ." जाळी नुकतीच बघून आली होती पोरं, तरी गेली. वही धरणाऱ्या पोरीला म्हणालात, "तारीख लिखा?" ती वहीत बघायला लागली. आणि तुम्ही स्वतः माझ्याकडे पाठ करून खाली बसलात आणि गमबुटातली जळू काढायला लागलात. दाज्यू, तुमच्या गमबुटात जळू नव्हती. मी बघितलं होतं.

जगात मला बघणारं कुणी उरलं नाही. कोपर गुडघ्यावर, मनगटाला मनगट. हात थांबला. अगदी थांबला असं नाही, पण पुरेसा.

मध्येच तुम्ही पाठमोरेच म्हणालात, "अंगठा ढीला." कसं कळलं? मी नंतर विचारलं, तुम्ही नुसते खांदे उडवलेत. बहुधा पक्ष्याची चिवचिव बदलली असेल, ती तुम्ही कानानं धरलीत. म्हणजे पाठ माझ्याकडे होती, पण कान त्या पाच ग्रॅमच्या जिवापाशी होता. कडं बसलं. मी नंबर मोठ्यानं वाचला, तेव्हा तुम्ही उठलात, वळलात आणि नखानं ते कडं पायावर गोल फिरवून बघितलंत. पुन्हा एकदा बघितलंत. "ठीक छ." आणि वजनाची पिशवी आवरायला लागलात.

मला सगळ्यात मोल आहे ते त्या नखाचं. पाठ फिरवणं ही माया होती, तपासणी हे काम होतं, आणि तुम्ही एकापायी दुसरं सोडलं नाहीत. कडं चुकलं असतं तर तुम्ही काढून टाकलं असतंत आणि मला तसं तोंडावर सांगितलं असतंत, याची मला खात्री आहे. इकडे मला दोन तऱ्हेची माणसं भेटली होती. एक, जी हात बघून बाजूला बसवतात. दुसरी, जी "वा वा काकू" म्हणून टाळ्या वाजवतात आणि मी गेल्यावर माझं काम पुन्हा करतात. दुसरी मनाला जास्त लागतात.

त्या दिवसानंतर मी किती पक्ष्यांना कडी घातली ते मोजलेलं नाही, वहीत असेल. एकदा जुनंच कडं घातलेला एक फुलवेटा जाळ्यात आला. तुम्ही नंबर बघून सांगितलंत की हा याच तुकड्यातला, पूर्वीही इथेच धरलेला. मला वाटायचं पक्षी म्हणजे भटके. हा आपला दरवर्षी त्याच बांबूच्या बेटात संसार करतोय! मग तुम्ही तोडलेलं जंगल आणि न तोडलेलं जंगल यांतला फरक दाखवायला नेलंत. तोडलेल्या बाजूला उजेड जास्त, ऊन जास्त, पायाखाली सुकं. हे बारके किडेखाऊ पक्षी तिथे तितके टिकत नाहीत, आणि उष्मा वाढतोय तसे काही डोंगरात वर वर सरकतायत, हे त्या छोट्या नंबरांवरूनच तर कळतं. वर सरकून सरकून शेवटी जाणार कुठे, असं मी विचारलं. तुम्ही शिखराकडे बोट दाखवलंत आणि त्याच्या वरच्या रिकाम्या आभाळाकडे.

परतताना तुम्ही सांगितलंत, वडील लाकडाच्या ट्रकवर होते. 1996 मध्ये सुप्रीम कोर्टानं ईशान्येतली झाडतोड थांबवली आणि ट्रक उभे राहिले, घरात खायचे वांधे झाले. वडिलांना दोष दिला नाहीत, कोर्टालाही नाही. पुढे म्हणालात, जंगल बापाला ठाऊक होतं म्हणून मला ठाऊक आहे. याच्यावर मी काय बोलणार होते? इकडे आम्ही घाट रुंद केला तरी कंत्राटदाराला शिव्या घालतो आणि त्याच घाटातून पावसाळी सहलीला जातो.

अजून एक गोष्ट राहून राहून मनात येते. हे जे आलेख निघतात, निबंध छापले जातात, परदेशात वाचले जातात, त्यातला प्रत्येक ठिपका कुणाच्या तरी बोटांतून गेलेला आहे. पहाटे चारला उठून जाळी उघडणाऱ्या, हत्ती रस्त्यावर आला की आम्हाला मागे ढकलून स्वतः पुढे उभ्या राहणाऱ्या माणसाचं नाव शेवटच्या पानावर, बारीक टायपात येतं. आलं तर. तुमच्या कॅम्पातली ती संशोधक पोर तशी नाही, ती तुम्हाला विचारल्याशिवाय जाळीची जागा बदलत नाही हे मी बघितलंय. पण सगळीकडे असं नसतं.

चांगुलपणावर आमच्याकडे भाषणं खूप होतात. सत्कार, शाल, श्रीफळ. मला आता कुणी चांगल्या माणसाची खूण विचारली तर मी सांगेन, समोरच्याची अडचण दिसल्यावर तो स्वतःचे डोळे कुठे नेतो ते बघा. माझ्या आईच्या हातातला कप खळखळायला लागला की आमचे एक शेजारी बरोबर त्याच वेळी खिडकीतून पाऊस बघायला उठायचे. भर उन्हाळ्यातसुद्धा. तुम्ही भेटेपर्यंत मला ते विसरायला झालं होतं.

असो. खूप लिहिलं. आता कामाचं.

एक पार्सल पोस्टानं पाठवलंय. त्यात बेदाणा आहे, आमच्या सांगलीकडचा, आणि हळद. कांदा-लसूण चटणीची बरणी वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये घातलीय, ती जपून उघडा, तेल सुटतं. तुमच्या मुलीसाठी रंगपेटी आहे. आणि बारक्या टोकाची एक पक्कड, घड्याळजी वापरतात तसली. कॅम्पातल्या पकडीचं तोंड झिजलंय ते मी बोलले नव्हते, पण बघितलं होतं. पार्सल वाटेत अडकलं तर टेंग्याच्या पोस्टात चौकशी करा, पावतीचा नंबर मेसेजवर पाठवलाय. काउंटरवरचा माणूस "नंतर या" म्हणाला तर उठू नका, रजिस्टर वहीत बघायला लावा. ते त्याला बघावंच लागतं.

तुमची,
सांगलीची दीदी