चिक्कीच्या डब्यासोबत

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर मी चिडायला नको होतं. तू 'ठेवते' म्हणालीस आणि ठेवलासही. तेव्हापासून तुझ्या रिपोर्टातला ८.९ डोळ्यांसमोरून हलत नाही. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्त कमी धरतात, आणि तू म्हणतेस, "रात्री मेसमध्ये जात नाही, पण तुझी चिक्की खाते, त्यात सगळं असतं."

सगळं नसतं गं. १०० ग्रॅम फल्लीदाण्यांत पंचवीसेक ग्रॅम प्रथिनं असतात, हे खरं. पण मी निम्मे दाणे, निम्मा गूळ घेते. म्हणजे तेवढ्या चिक्कीत बारा-तेरा ग्रॅमच आली, आणि कॅलरी पाचशेच्या आसपास. त्यानं भूक मरते, रक्त वाढत नाही. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं. मूठभर दाण्यांत एक-दीड, त्यातलंही अंगाला थोडंच लागतं. गूळ तर बहुतेक साखरच. आणि वरून तू चहा पितेस, तो उरलंसुरलं लोहही शोषू देत नाही.

बघ, पुन्हा शिकवायला लागले. राग मानू नकोस.

आजी संक्रांतीच्या आधी इतवारी बाजारातून दाणे आणवायची. खवट, काळे पडलेले एकेक वेचून फेकायची. पाकाचा थेंब वाटीतल्या पाण्यात टाकून कडक वाजला की पाटाला तूप, लाटण्याला तूप, आणि सगळ्यांची धावपळ. तू कडेचे तुकडे मागायचीस. ते आठवलं की वाटतं, चिक्कीला मी उगाच बोलले. भर दुपारी शाळेतून आल्यावर तिनंच तुला उभं केलं.

पण बाबा दवाखान्यात होते ते अकरा दिवस मला विसरता येत नाहीत. तुझी बारावी होती. बाहेरच्या बाकावर पुस्तक उघडून बसायचीस, हातात चिक्कीचं पाकीट. मी एकदाही विचारलं नाही, जेवलीस का म्हणून. तू पेपर दिलेस, नंबर काढलास, आज पुण्यात एकटी राहतेस. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगते मी. सांगताना मनात येतं, ही पोरगी तेव्हापासून अशीच खात असेल का?

वरण-भात तरी घे. दाण्यांच्या प्रथिनांत जे कमी पडतं ते बरंचसं डाळ-भातानं भरून निघतं. पालेभाजीवर लिंबू पीळ. डॉक्टरांनी दिलेली गोळी चहासोबत नको. मृग बहराची संत्री आली आहेत. कळमन्याच्या बाजारातून आणून अण्णांसोबत गुरुवारी पाठवते. जेवताना एखादं खा, लोह अंगी लागतं. चिक्कीही ठेवली आहे. ती जेवण झाल्यावर.

डबा सुमीचा आहे, परत पाठव.

तुझी,
आई

ता. क. आज रात्री जेवलीस का, एवढंच कळव.