झोपलेल्या विषाणूला गोळीने जाग

संपादक महोदय,

पावसाळा लागला की नागपुरात पोटाचे रुग्ण वाढतात आणि औषधीच्या दुकानांतून ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल या प्रतिजैविकांची अर्धी पट्टी चिठ्ठीविना हातात पडते. अशाने जंतू औषधाला सरावतात, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. दुसऱ्या धोक्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तो आतड्यातल्या विषाणूंचा आहे.

हे विषाणू माणसाला नव्हे, जिवाणूंना लागतात. त्यांना फाज म्हणतात. फेलिक्स डेरेल यांनी १९१७ साली आमांशाच्या रुग्णांच्या शौचातून त्यांचा छडा लावला. काही फाज जिवाणूत शिरतात, आपल्या प्रती काढतात आणि त्याला फोडून बाहेर पडतात. (डेअरीच्या विरजणात असे फाज शिरले की दही लागत नाही, म्हणून तिथे विरजणाचे वाण आलटूनपालटून वापरतात.) दुसरे बेरकी. ते आपली जनुकं जिवाणूच्या डीएनएत घुसवून गप्प पडून राहतात आणि राहण्याचं भाडं म्हणून कधीकधी त्याला हत्यारही देतात. पटकीच्या जिवाणूचं विष मुळात फाजनेच आणलेलं, हे १९९६ मध्ये दिसून आलं. रक्ताचे जुलाब घडवणाऱ्या ई. कोलाय ओ१५७ या जिवाणूच्या विषाचं, शिगा टॉक्सिनचंही तेच.

गोची इथे आहे. ऑफ्लॉक्सासिनच्या गटातली औषधं जिवाणूचा डीएनए तोडतात. तो तुटला की जिवाणूची धोक्याची यंत्रणा चालू होते आणि झोपलेल्या फाजला तेवढा इशारा पुरतो. घर बुडतंय, निघा! तो प्रती काढतो, सोबत विषही बनतं, जिवाणू फुटतो आणि ते सगळं एकदम आतड्यात सांडतं. तिथून शिगा टॉक्सिन रक्तात उतरलं तर लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

शिगेला या दुसऱ्या जिवाणूच्या आमांशात मात्र प्रतिजैविक लागतंच. शौचात रक्त शिगेला आणि ओ१५७ या दोन्हींत दिसतं, घरबसल्या फरक कळत नाही. म्हणून रक्त दिसलं की पहिला डोस घेण्याआधी स्वच्छ, कोरड्या डबीत नमुना घ्यावा आणि दोन तासांत लॅबमध्ये पोचवावा. ओ१५७ ची शंका असेल तर डॉक्टरांनी चिठ्ठीवर तसं लिहिणं गरजेचं आहे. लॅबमध्ये जिवाणू वाढवायच्या नेहमीच्या माध्यमावर, म्हणजे मॅकॉन्की आगरवर, तो इतर ई. कोलायसारखा गुलाबीच उगवतो आणि नजरेतून सुटतो. सॉर्बिटॉल घातलेल्या मॅकॉन्कीवर त्याच्या वसाहती रंगहीन दिसतात. जुलाब दाबणारी लोपेरामाइडची गोळी रक्त असताना घेऊ नये.

लहान मुलांच्या पाण्यासारख्या जुलाबांमागे बऱ्याचदा रोटासारखा विषाणू असतो, त्याला प्रतिजैविक काही करत नाही. तिथे ओआरएस. एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच, अख्खं. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात टाकलं तर द्रावण घट्ट होतं, आतड्यात उलट पाणी ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. (२०० मिलिलिटरचीही पाकिटं मिळतात, वर बघून घ्यावं.) केलेलं द्रावण २४ तासांनी फेकावं. सोबत सहा महिन्यांवरील बाळाला झिंक २० मिलिग्रॅम, त्याखाली १० मिलिग्रॅम, रोज, १४ दिवस.

पावसाळ्यात आपण 'पाणी उकळून प्या'ची चौकट छापता. त्यात एक ओळ वाढवावी, ही विनंती: रक्ताचे जुलाब थांबल्यावरही आठवडाभर मुलाची लघवी कमी होते का, चेहरा फिकट पडतो का, हे पाहा आणि तसं दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

— सूक्ष्मजीवशास्त्राचे अध्यापक, नागपूर