दादा, छोटूचं पोट खरंच दुखते

सॅन होजे, कॅलिफोर्निया

दादा अन् वहिनी,

फोनवर हे बोलता आलं नसतं, आई बाजूलाच बसली असते अन् छोटूही तिथंच, म्हणून लिहून पाठवून राहिली. रात्री जेवणं झाली की निवांत वाच अन् वहिनीलाही दे.

रविवारी व्हिडिओ कॉलवर छोटू दोन मिनिटं आला, हो नाही केलं अन् उठून गेला. आधी हाच पोट्टा आत्या आत्या करून फोन सोडत नव्हता. मग आईनं सांगितलं की सकाळी क्लासला निघायच्या टायमालाच त्याचं पोट दुखते, डब्बा तसाच परत आणते, सोनोग्राफी केली तर सगळं नॉर्मल. अन् मागून तुझा आवाज आला, "नाटकं करून राहिला तो". दादा, त्या रात्री मला झोप आली नाही, कारण हेच शब्द मी माझ्या पोरीला बोलली होती, दीड वर्षापूर्वी, अन् तुम्हाला कोणालाच सांगितलं नाही.

ती तेव्हा तेरा वर्षांची. रविवार संध्याकाळ झाली की पोट दुखायचं, सोमवारी शाळेत जायला रडायची. वर्षातून एकदा इथं मुलांचं चेकअप असते तिथं गेलो तर डॉक्टरीणबाईनं तिला एक फॉर्म भरायला दिला, झोप येते का, कशात मन लागते का, स्वतःला इजा करावीशी वाटते का असे प्रश्न, अन् मला म्हणाली तुम्ही दहा मिनिटं बाहेर बसा. मला इतका राग आला! मी आई आहे अन् मलाच बाहेर काढून राहिली. पण त्या दहा मिनिटांत पोरीनं जे सांगितलं ते मला सहा महिन्यांत सांगितलं नव्हतं.

शाळेचं टेन्शन होतंच, पण मोठं कारण आमच्याच घरात निघालं. त्या वर्षी ह्यांच्या ऑफिसात लोकांना काढणं चालू होतं, अन् आमच्या व्हिसावर नोकरी गेली की साधारण 60 दिवसांत दुसरी शोधा नाही तर देश सोडा असं असते. आम्ही दोघं रात्री किचनमध्ये हळू आवाजात तेच बोलत बसायचो, वाटायचं पोरगी झोपली आहे. तिनं डॉक्टरला सांगितलं की आईबाबा हळू बोलायला लागले की मला झोप येत नाही.

डॉक्टरनं समजावलं की भीती वाटली की शरीर पळायच्या तयारीला लागते, छातीत धडधडते, पचन मंदावते, पोटात मुरडा येते. दुखणं खरं असते, सोनोग्राफीत दिसत नाही इतकंच. म्हणून छोटूला नाटकं म्हणू नको रे. पण पोट दुखते म्हणून रोज घरीही बसवू नको, कारण जितकं टाळलं तितकी भीती वाढते, हे आम्ही चुका करून शिकलो. आमच्या पोरीला थेरपिस्टनं आधी दोन तास शाळा, मग अर्धा दिवस, असं हळूहळू परत नेलं, अन् दर चौथ्या वेळी आम्हा दोघांनाही समोर बसवलं.

दुसरं झोपेचं. तो रात्री एक वाजता झोपते अन् साडेपाचला तुम्ही उठवता, म्हणजे साडेचार तास झाले. या वयात 8 ते 10 तास लागतात. अन् रात्री लवकर झोप न येणं हा आळस नाही, वयात येताना मेंदूचं घड्याळच मागं सरकते. याच कारणानं इथं कॅलिफोर्नियात 2022 पासून कायदा आहे की बहुतेक हायस्कूल सकाळी साडेआठच्या आधी भरवायचेच नाहीत. तुमच्या क्लासची वेळ तुम्ही बदलू शकत नाही हे मला कळते, पण रात्रीची ती जास्तीची टेस्ट सिरीज तर बंद करू शकता? ती तूच लावली ना.

आता डॉक्टरचं. तुला काय वाटेल ते माहीत आहे. लहानपणी आपण ऐकलं नाही की आपल्याला म्हणायचे "पागलखाना चौकात नेऊन सोडू". तीच भीती आपल्या मनात बसली आहे, अन् मला पण पोरीला न्यायला तीन महिने लागले त्यामुळंच. जगात 10 ते 19 वयाच्या दर सात मुलांत एकाला असा काही ना काही मानसिक त्रास असते, एकटा आपला छोटू नाही. आपल्या नागपुरात मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी आहे, मिहानच्या एम्समध्ये आहे. अन् आधी नुसतं बोलायचं असेल तर 14416 वर फोन कर, टेलिमानस नावाची मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, रात्री दोनलाही उचलतात, मराठीत बोलता येते. वहिनी, हा नंबर छोटूच्या फोनमध्येही टाकून ठेवा.

एक अवघड गोष्ट सांगते. त्याला सरळ विचार, "तुला मरावंसं वाटते का कधी?" विचारल्यानं ते डोक्यात येत नाही, उलट सांगायला जागा मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नको, त्याच दिवशी घेऊन जा अन् मला कितीही वाजता उठव.

दादा, तुझा बारावीचा निकाल आठवते? फिजिक्समध्ये गेला होतास अन् घरीच आला नाहीस. आई देवापुढं बसली होती. बाबा स्कूटर घेऊन निघाले, फुटाळा तलावाच्या काठावर सापडलास तू अंधारात. तूच मला सांगितलं होतं नंतर, की बाबांनी मार्कांचं काहीच विचारलं नाही, बाजूला बसले, दाण्यांची पुडी घेतली, अन् बऱ्याच वेळानं म्हणाले, "भूक लागली असंन तुला". मग घरी आलात तुम्ही दोघं. मी गेटवर उभी होती.

येत्या रविवारी टेस्ट झाली की छोटूला फुटाळ्याला घेऊन जा ना. गाडीनं नको, ती जुनी स्कूटर चालू होते का बघ. मार्क विचारू नको, फोन घरी ठेव.

मी रविवारी फोन करणार नाही, सोमवारी करते. अन् हे पत्र त्याला दाखवू नको.

तुझी लहान बहीण